दोघांनी बाईकवर घाटात जायचंय? तयारी मागच्या सीटपासून करा

पाऊस ओसरायला लागला की नाशकात रविवारी सकाळी सकाळी म्हसरूळच्या बाजूने नाहीतर त्र्यंबक रोडने बाईकवाल्या जोड्या निघालेल्या दिसतात, आणि आमच्या ओळखीतल्याही कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की आम्ही दोघं सापुतारा करायचं म्हणतोय, काय काय तयारी लागेल. फोन करणारा कायम चालवणाराच असतो. टायर कुठला बरा, सर्व्हिसिंग करून घेऊ का, किती वाजता निघू. मागे जी बसणार आहे ती फोनवर कधी येतच नाही. मी गेली अकरा वर्षं मागच्या सीटवर बसून सातमाळ, भंडारदरा, जव्हार, डांग असं सगळं फिरलेय, मधल्या काळात स्वतः चालवायलाही शिकले, त्यामुळे मी हे सगळं मागून पुढे सांगणार आहे. जोडीची ट्रिप गाडीमुळे फार क्वचित बिघडते, मागच्या माणसाचा विचारच कुणी केलेला नसतो म्हणून बिघडते, हे माझं ठाम मत झालंय.

आमची पहिली ट्रिप सांगते. लग्नानंतरचा पहिला नोव्हेंबर, वणीवरून सापुतारा. मी पंजाबी ड्रेस, ओढणी, पायात सँडल, पाठीवर कॉलेजची सॅक आणि त्यात दोघांचे कपडे, चार्जर, थर्मास, आईंनी दिलेला डबा, असं सात-आठ किलो तरी असेल. हात मागच्या दांडीला. दिंडोरीपर्यंत मस्त वाटलं. वणी सोडल्यावर वळणं सुरू झाली आणि गाडी डावीकडे झुकली की मी घाबरून उजवीकडे ताठ व्हायचे, नवऱ्याला वाटायचं ही मुद्दाम जोर लावतेय, मला वाटायचं हा मुद्दाम गाडी आडवी करतोय. स्पीड चाळीसच्या वर नव्हता हे मला नंतर कळलं. ब्रेक मारला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टणकन आपटायचं. हातगडजवळ एका वळणावर बारीक खडी पडलेली होती, मागचं चाक सरकलं, पडलो नाही, पण तिथून पुढे सापुताऱ्यापर्यंत दोघं एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी तलावाकाठी बसल्यावर त्याने विचारलं, "तुला नक्की कशाची भीती वाटत होती गं?" मी म्हटलं, "अरे, तुला वळण दिसतं, मला फक्त तुझी पाठ दिसते." त्यानंतर आम्ही जे काही शिकलो ते सगळं या एका गोष्टीवरून शिकलो.

आधी घराजवळ सराव

पहिलीच ट्रिप लांबच्या घाटात नको. एका रविवारी सकाळी सहाला निघा, गंगापूर रोडने गिरणारे, पुढे वाघेरा घाटातून हरसूलपर्यंत जाऊन चहा घेऊन परत या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, वळणं आहेत, चढ-उतार आहे आणि काही जमलं नाही तर घर जवळ आहे. सामान अजिबात न घेता जा, फक्त दोघं.

तिथे या गोष्टी बसवून घ्या. गाडीवर चढताना चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि "ये" म्हटल्याशिवाय मागच्याने पाय टाकायचा नाही, उतरतानाही तसंच. साधी गोष्ट आहे पण उभी गाडी पडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि उतारावर उभी असेल तर हमखास. दोन्हीकडे पाय टाकूनच बसायचं, घाटात एका बाजूला पाय सोडून बसणं पूर्ण बंद, कितीही सवय असली तरी.

वळणावर मागच्याने काय करायचं तर काहीच करायचं नाही, फक्त ज्या बाजूला वळण त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं. डावं वळण आलं की त्याच्या डाव्या खांद्यावरून, उजवं आलं की उजव्या. एवढं केलं की अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं, मुद्दाम झुकायला जाऊ नका आणि मुद्दाम ताठही होऊ नका. आणि मला विचाराल तर खरी गंमत अशी की खांद्यावरून बघायला लागल्यावर रस्ता दिसतो, रस्ता दिसला की भीती निम्मी कमी होते. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

हात कुठे, याचं उत्तर चढ आहे का उतार आहे यावर. चढाला आणि गाडी पळवताना अंग मागे जातं, तेव्हा चालवणाऱ्याच्या कमरेला किंवा जॅकेटच्या बेल्टला धरा. उताराला ब्रेकमध्ये अंग पुढे घसरतं आणि सगळा भार त्याच्या मनगटावर जातो, तेव्हा एक हात पुढे टाकून टाकीवर तळवा टेकवा आणि गुडघे आवळून धरा. टाकीपर्यंत हात पोचत नसेल तर एक हात मागच्या दांडीला, एक कमरेला. दोन्ही हात मागे धरून दिवसभर बसलात तर संध्याकाळी मनगट आणि खांदे बोलायला लागतात.

खुणा ठरवून घ्या, कारण वाऱ्यात ओरडलेलं काही ऐकू येत नाही. आमच्या अशा आहेत: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घे, दोन थापा म्हणजे जागा बघून थांब, आणि मुठीने पाठीत दाबलं तर आत्ताच्या आत्ता थांब. हेल्मेटमध्ये बसवायचे ब्लूटूथ इंटरकॉम मिळतात, आम्हीही नंतर घेतले, छानच आहेत, पण बॅटरी उतरते आणि पावसात दगा देतात, म्हणून थापा विसरू नका. आणि "हळू" ची थाप पडली की चालवणाऱ्याने का म्हणून विचारायचं नाही, आधी हळू करायचं, मग थांबल्यावर विचारायचं. हा नियम आमच्या घरात अजून पाळला जातो.

चालवणाऱ्याने शिकायच्या गोष्टी दोनच, पण त्या नीट शिका. गिअर टाकताना क्लच हळूच सोडा आणि ब्रेक लवकर आणि हळूहळू दाबत न्या. हेल्मेटवर हेल्मेट आपटणं थांबलं की समजा जमलं. मागे माणूस असल्यावर वजन मागच्या चाकावर आणि उंचावर येतं, पुढचं चाक हलकं होतं, चढाच्या वळणावर हँडल पोकळ लागतं, थांबायला अंतरही जास्त लागतं. एकट्याने ज्या वेगात वळण आरामात निघतं त्याच वेगात डबल सीट जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालवणाऱ्याने एकदा तरी मागे बसून बघा, मी मनापासून सांगतेय. मी चालवायला शिकल्यावर दिंडोरी ते वणी मी पुढे आणि तो मागे, जेमतेम वीस किलोमीटर. उतरल्यावर तो म्हणाला, "खड्डा आला की आधी सांगत जा ना, पाठीत केवढं बसतं." हेच मी त्याला तीन वर्षं सांगत होते. तुमच्या ह्यांना किंवा तुमच्या हिला चालवता येत नसेल तर मित्राच्या मागे बसवा, पण बसवाच. तेव्हापासून आमच्याकडे खड्डा किंवा गतिरोधक आला की पुढचा माणूस डावा हात खाली करून दाखवतो आणि मागचा फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून जरासा उचलला जातो.

अंगावर काय

हेल्मेट दोघांनाही, आणि दोघांनाही सारखंच चांगलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागच्यालाही ते सक्तीचं आहे, नसेल तर १००० रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने सस्पेंड होऊ शकतं, पण दंडासाठी म्हणून नाही, त्याच्या डोक्यावर सहा हजाराचं फुल फेस आणि तिच्या डोक्यावर गाडीबरोबर आलेली टोपी, असं मी इतक्या वेळा बघितलंय की वाईट वाटतं. आयएसआय मार्क बघा, हनुवटीचा पट्टा लागतो ना बघा, आणि दुकानात दहा मिनिटं घालून फिरा, कपाळावर दुखायला लागलं तर साईझ बदला.

ओढणी, स्कार्फ, साडीचा पदर, सॅकचे लोंबणारे पट्टे, मोकळी वेणी, काहीही लोंबतं ठेवायचं नाही. ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. ऊन लागतं म्हणून चेहरा बांधायचा तर बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं आणि चेहरा झाकणारी कापडी टोपी घ्या, ऑनलाईन शे-दोनशेला मिळते. पायात घोटा झाकणारे बूट, जीन्स जाड, ग्लोव्हज दोघांना. जॅकेट पॅडवालं असेल तर उत्तमच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेची थंडी कशी असते माहितीये, निफाडचा आकडा तर पेपरात येतोच, त्यात साठच्या वेगाचा वारा म्हणजे आतून एक पातळ विंडचीटर हवाच. वाऱ्याचा मार पुढच्याला बसतो, पण मागचा माणूस हालचाल नसल्यामुळे गारठतो, आणि गारठलेला माणूस आखडून बसतो, हे लक्षात असू द्या.

रेनकोट पॅन्ट-शर्टवाला घ्या, पोंचो नको, तो फडफडतो आणि चाकात जायची भीती.

सामान

मागच्याच्या पाठीवर सॅक द्यायची नाही. हे एवढं एक वाक्य वाचून बाकी लेख सोडून दिलात तरी चालेल. सामान गाडीला बांधायचं, सॅडल बॅग दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला. सायलेन्सरच्या बाजूची बॅग चिकटत नाही ना ते आधी बघून घ्या, आमची एक बॅग आणि आतला टॉवेल तसाच जळालाय. बंजी दोरीचं टोक मोकळं ठेवायचं नाही. दोन दिवसांसाठी दोघांचं मिळून दहा-बारा किलोच्या वर सामान होता कामा नये, घरी पॅक करून झाल्यावर त्यातलं एक तृतीयांश बाहेर काढा, काही अडत नाही.

मागच्याकडे कमरेची छोटी बॅग: पाणी, चिक्की किंवा खजूर, थोडे सुट्टे पैसे, रुमाल, सॅनिटरी पॅड, टिश्यू, अंगदुखीच्या गोळ्या, बँडेज. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात नेटवर्कच नसतं तर उघडणार कसं, म्हणून आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हातात ठेवा आणि लॉजसाठी दोघांचं आधार.

गाडीचं

गाडी मोठीच पाहिजे असं काही नाही. आमच्याकडे आता साडेतीनशेची आहे पण पहिली पाच वर्षं आम्ही दीडशे सीसीवर फिरलो, चढाला एक गिअर जास्त उतरवावा लागतो एवढंच. मॅन्युअलमध्ये गाडीने किती वजन न्यायचं ते लिहिलेलं असतं, तुमचं दोघांचं आणि सामानाचं धरून बघा.

हवा डबल सीटची वेगळी असते. मागच्या टायरला एकट्यापेक्षा जास्त लागते, आकडा चेनकव्हरवर किंवा मागच्या बाजूला स्टिकरवर असतो, आणि हवा सकाळी टायर थंड असताना भरायची. मागचे शॉकअप एक-दोन घर कडक करून घ्या, गाडीच्या टूलकिटमध्ये त्याचा पाना असतो, नसेल तर मेकॅनिक दोन मिनिटांत करून देतो. हे केलं नाही तर मागून गाडी बसते, हेडलाईटचा उजेड झाडावर जातो आणि खड्ड्यात मागच्याची पाठ जाते. चेन साफ करून स्प्रे मारा, फार सैल नको फार ताठ नको. ब्रेकचे पॅड आणि लायनर निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी बघा, म्हणजे बदलायचे झाले तर बदलून थोडे घासून बसतात. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर तो टायर घाटात नेऊ नका. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि हातपंप बरोबर, ट्यूब असेल तर एक स्पेअर ट्यूब, शिवाय क्लच वायर आणि फ्यूज.

पहिला रूट: वणी, गड, सापुतारा

सुरुवातीला हाच करा असं मी सांगते, कारण हा रस्ता हळूहळू शिकवत नेतो. नाशिक ते दिंडोरी सरळ, दिंडोरी ते वणी सरळ पण रुंदी कमी, मग पुढे वळणं. एकदम घाटात फेकत नाही.

सकाळी सहाला म्हसरूळ सोडा. दिंडोरीच्या आसपास द्राक्षाच्या बागा, जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत कॅरेट भरलेल्या पिकअप सुसाट असतात आणि बांधावरून अचानक रस्त्यावर येतात. उसाचे ट्रॅक्टर असतील तर दोन ट्रॉल्या असतात हे लक्षात ठेवूनच ओव्हरटेक करा, पहिली ट्रॉली संपली म्हणून आत घुसाल आणि दुसरी दिसेल. पाऊस पडून गेल्यावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाची माती डांबरावर पडते, ती साबणासारखी असते, दोन-दोनशे मीटर असते, तिथे ब्रेक नाही, झुकवणं नाही, गॅस सोडून सरळ काढायची.

वणीला नाश्ता. तिथून समोर सातमाळची रांग उभी राहते, सप्तशृंग, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, सकाळच्या उन्हात इतकं सुंदर दिसतं की थांबावंच लागतं, थांबा, पण गाडी डांबरावरून पूर्ण खाली घेऊन. सप्तशृंगी गडावर जायचं तर नांदुरीवरून साधारण दहा किलोमीटरचा घाट आहे. हा घाट छोटा पण दाट वळणांचा, तुमच्या सरावाची खरी परीक्षा इथे. वर फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळावरून चढणारी गाडी आहे, पायऱ्या चढायच्या नसतील तर तिने जा, म्हणजे पायात पुढच्या प्रवासाचं बळ राहतं. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात मात्र हा बेत करू नका, त्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं, शिवाय चैत्रात खानदेशातून चालत येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात, लहान मुलं, म्हातारी माणसं उन्हात चालत असतात, त्यांच्यातून गाडी काढणं बरोबरही नाही.

गडावरून उतरून अभोणा, कनाशी करत हातगडला निघता येतं, नाहीतर सरळ वणीला परत येऊन बोरगावमार्गे. मला अभोण्याचा रस्ता जास्त आवडतो, गर्दी कमी, शेतं, मध्येच चणकापूर धरणाचं पाणी. कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टर असतात तेवढेच. बोरगावच्या रस्त्याला हिवाळ्यात कडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन माणसं बसलेली असतात, सुरगाण्याच्या शेतकऱ्यांची स्ट्रॉबेरी असते, जरूर घ्या, भाव फार पाडून मागू नका. गाडीवर घरी आणायची तर डब्यात, पिशवीत रस होतो.

सापुतारा गुजरातेत, डांग जिल्ह्यात. सीमेवर चेकिंग असतं आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे बॅगेत काही ठेवू नका. सरळ रस्त्याने नाशिक-सापुतारा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, दोन-सव्वादोन तासांत होतं असं म्हणणारे म्हणतात, पण गड करून, थांबत थांबत, दोघांनी, तर पूर्ण दिवस धरा. मुक्काम करा. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वघईकडे साधारण पन्नास किलोमीटर उतरा, सागाचं जंगल, आणि वघईजवळ गिरा धबधबा. पण तेवढंच अंतर परत चढून यायचं आहे, हिशोब करून मगच.

घाटात चालवताना

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर पेट्रोल वाचवत उतरणारे अजून भेटतात, हात जोडून सांगते करू नका, डबल सीट वजन सगळं ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत धरेनासे होतात. दोन्ही ब्रेक वापरा, दाबून ठेवू नका, दाबा-सोडा. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर हलका गॅस.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपल्या डाव्या बाजूलाच राहा, मधल्या पांढऱ्या पट्टीला चिकटून नको, थोडं आत. समोरून एसटी किंवा ट्रक दिसला आणि वळण यू टर्नसारखं असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबा, त्या गाडीला वळायला सगळा रस्ता लागतो, ड्रायव्हरची चूक नसते. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे. अशा वळणांवर डिझेल सांडलेलं असतं, उन्हात इंद्रधनुष्यासारखं चमकतं, ते दिसलं की बाजूने. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली लावलेले दगड तसेच रस्त्यात सोडलेले असतात, संध्याकाळी ते दिसत नाहीत. मागून कुणी घाई करत असेल तर डावीकडे घेऊन जाऊ द्या, सोबत आपलं माणूस बसलंय.

दर पाऊण तासाने थांबा, दमला नसाल तरी. चालवणारा हँडल, गिअर यात गुंतलेला असतो, त्याला वेळ कळत नाही, मागच्याचं सगळं लक्ष पाठीकडे आणि गुडघ्याकडे असतं. मागच्याने पण "होईल अजून थोडं" करत ताणू नये. आणि बायकांसाठी एक अगदी महत्त्वाचं, बाथरूम. या रस्त्यांवर स्वच्छ बाथरूम मोजून मिळतात, म्हणून वणीला, सापुताऱ्यात, घोटीला, जिथे बऱ्यापैकी हॉटेल दिसेल तिथे लागो न लागो जाऊन या, ऑर्डर द्यायच्या आधी बाथरूम बघून या आणि चांगलं असेल तरच तिथे जेवा. बाथरूम नको म्हणून पाणी न पिणं मात्र करू नका, मी ते करायचे, दुपारपर्यंत डोकं चढायचं आणि सगळा दिवस जायचा. नवऱ्यांनो, तिला मागावं लागू नये, तुम्हीच थांबा.

खाणं हलकं. सकाळी मिसळ चापून घाटात वळणं घेणं मागच्याला झेपत नाही, पुढच्याला काही होत नाही. आम्ही मिसळ परतीच्या दिवशी ठेवतो. जाताना पोहे, केळी, आणि दुपारी कुठे नागलीची भाकर आणि ठेचा मिळाला तर त्यासारखं काही नाही.

दुसरे दोन रस्ते

एकदा जमलं की भंडारदरा. घोटीपर्यंत मुंबई हायवे, तिथून बारीकडून शेंडी, सगळं मिळून सत्तर-बहात्तर किलोमीटर. मॅपमध्ये टू-व्हीलरचा मोड लावूनच रस्ता बघा, कारण कारच्या मोडमध्ये तो समृद्धीवर न्यायला बघतो आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. घोटीला टाकी फुल करा, पुढच्या गावांत पंपावर भरवसा नको. बारीजवळ १६४६ मीटरचं कळसूबाई डोक्यावर उभं असतं. खरी मजा शेंडीहून जलाशयाला वळसा घालायची, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, परत शेंडी. रस्ता अरुंद, काही तुकडे खराब, पण घाटघरच्या कोकणकड्यावर दोघांनी शांत बसलात की कळेल कशासाठी आलो. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर घाईत करू नका. हा वळसा सकाळी सुरू करा, दुपारी तीननंतर नाही, अंधारात त्या रस्त्यावर काही नाही.

त्र्यंबक-मोखाडा-जव्हार तिसरा. नाशिकहून ऐंशीच्या आसपास. त्र्यंबकचा श्रावणी सोमवार, विशेषतः तिसरा, आणि पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा टाळा, रस्त्याने दिंड्या असतात. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी त्या बाजूला रस्त्यांची कामं निघतात, खडी आणि वळवलेले रस्ते धरून चला. त्र्यंबकवरून पहिनेमार्गे घोटीला जोडणारा रस्ताही छान आहे, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे गर्दी असते, मधल्या वारी जा.

पावसात जायचं का? रिमझिम असेल तर जा, पण नाशकात ऊन आहे म्हणून इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात ऊन असेल असं नाही. हवामान खातं नाशिक आणि नाशिकचा घाटमाथा यांचे इशारे वेगळे देतं, तो घाटमाथ्याचा बघा, ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी भजी करा. घाटात दरड, धुकं, वरून वाहणारं पाणी. पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर मागच्याला उतरवून चालत नेणं वगैरे प्रयोग नको, परत फिरा. धुक्यात हेडलाईट डिमवर, इंडिकेटर विनाकारण लावून ठेवू नका, आणि रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका.

परत येताना

बहुतेक जणांचं लक्ष जायच्या प्रवासावर असतं, आमचे दोन्ही जवळून वाचलेले प्रसंग मात्र परतीचे आहेत, दोन्ही संध्याकाळी, घर पंचवीस किलोमीटरवर असताना. दमलेले असतो, घाट संपला म्हणून सैल पडतो, समोरून डोळ्यांवर लाईट, आणि दिंडोरी सोडली की विनालाईटचे ट्रॅक्टर. म्हणून सापुताऱ्याहून जेवून एकच्या आत निघा, वणीला चहा घ्या, दिंडोरीला गरज नसली तरी दहा मिनिटं उतरा, हेल्मेट काढा, तोंड धुवा, व्हायजर पुसा, मागच्या लाईटवरची धूळ पुसा. तिथे आम्ही हमखास अदलाबदल करतो, जो कमी दमलाय तो पुढे. घरी आल्यावर चेन पुसून स्प्रे मारायचं काम त्याचं, बॅगा रिकाम्या करायचं माझं, आणि मग चहा घेताना मी त्याला सांगते की कुठल्या वळणावर आज मला भीती वाटली आणि कुठल्या वळणावर वाटली नाही. तो ते लिहून ठेवतो, मॅपवर खूण करून, पुढच्या वेळेसाठी.